फुटामागे एक सूत

राजारामपुरी, सातवी गल्ली, वरचा मजला.
खाली दिवसभर फ्लेक्स निघतात:
वाढदिवस, निवड, पुन्हा वाढदिवस,
गॉगल लावलेले चेहरे शाईच्या उग्र वासात वाळतात.
वर मी, एक संगणक
आणि भूपाल मगदुमांचं गुळाचं रिकामं खोकं.

‘नाव तेवढं मोठं घ्या ताई,
बाकी तुमच्या मनानं.
पाडव्याच्या सौद्याआधी पाहिजे.’

नाव म्हणजे ‘मगदूम गूळ’.
ग सरळ माणूस आहे. म ऐकतो.
द जरा वाकून का होईना, बसतो.
अडलं ते ळपाशी.
दोन डोळे, आणि दोन्ही दोन दिशांना बघणारे.
तीस ळ काढले.
एक जिलेबीसारखा, एक चष्म्यासारखा,
एक बसकण मारलेल्या म्हशीसारखा
(तो मला आवडलाही होता).
पडद्यावर जपानचे चहाचे डबे बघितले,
डेन्मार्कचं लोणी बघितलं.
त्यांच्याकडे ळ नाही.

खालून सर्जेराव ओरडला,
अगं दे की त्यातलाच एक,
चालतंय की!

या गावात ‘चालतंय की’वर
सोयरिकी जुळतात, बांधावरची भांडणं मिटतात.
मीही त्यावरच वाढले, रागावू कशी?
पण ळला ते लागू पडेना.

स्कूटीचा स्टँड तुटला म्हणून उद्यमनगरात गेले.
वेल्डिंगवाला म्हणाला अर्धा तास, म्हणजे दीड.
शेजारच्या शेडमध्ये हिंदुराव मिस्त्री
सागवानातून पंपाचं झाकण काढत होते.
लाकडी झाकण. त्याचा वाळूत ठसा पडणार,
ठशात रस ओतणार,
आणि लाकूड जाणार माळ्यावर, धुळीत.

मी माझी स्टीलची पट्टी त्यांच्या पट्टीशेजारी धरली.
सवय आहे, दिसेल ते मोजायची.
जुळेना. बाराच्या रेघेपाशी त्यांची पुढे गेलेली.
म्हटलं, मिस्त्री, तुमची पट्टी चुकलीय.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली.
‘चुकल्याली न्हाई. बिडाची हाय.
बीड गार होताना अंग चोरतंय.
फुटामागं एक सूत.
तेवढं आधीच वाढीव धरायचं,
मग हातात येतंय ते मापात येतंय.’

मग आतल्या कोपऱ्यात, जिथे बोटही नीट जाईना,
मेण भरून अंगठ्यानं तो गोल करत बसले.
किती वेळ.
म्हटलं, तिथं कोण बघणारय?
‘वाळू बघती की.’

रात्री खालचं मशीन थांबल्यावर
जुनं खोकं भिंगाखाली धरलं.
पुठ्ठा खरबरीत, शाई त्यात मुरत, सरकत गेलेली.
माझं उलटंच होतं:
तिथे बीड अंग चोरतं, इथे शाई पाय पसरते.
जुन्या ळचे दोन्ही डोळे लिंपून गेलेले.
कुणीतरी ते उघडेच काढले असतील,
कागदावर, नीट, मापात.

एकतिसावा ळ काढला.
डोळे नको तेवढे उघडे, दचकल्यासारखा,
पडद्यावर अगदीच वाईट दिसणारा.

छापून आलेलं खोकं मगदुमांनी उलटसुलट केलं,
आत हात घालून बघितलं,
आणि म्हणाले, चालतंय की.

डिसेंबरात मार्केट यार्डाबाहेर
एका चहाच्या गाड्यावर ते दिसलं.
ग्लास ठेवायला. कडा भिजून मऊ झालेल्या.
ळ जागा होता.
शाई सरकत येऊन थांबली होती,
मी थांब म्हटलं होतं तिथे.
चहा गार होईपर्यंत बघत राहिले.
गाडेवाला म्हणाला, काय ताई, खोकं पाहिजे काय?

नको, म्हटलं.
गच्या पायातला उकार
अर्ध्या सुतानं आखूड वाटत होता.